कायमस्वरूपी फोर-व्हील असलेल्या एटीव्हीला टू-व्हीलची सोय : जोड नेमका कोठे तोडावा?

वनराई (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे होंडाची फोरट्रॅक्स ३०० ही जुनी फोर-व्हील एटीव्ही (कच्च्या वाटांसाठीची, हँडलने वळवायची चारचाकी गाडी) आहे. आम्ही अमेरिकेत, पश्चिम विस्कॉन्सिनच्या डोंगराळ भागात राहतो. पडलेल्या झाडांचे ओंडके उतारावरून खाली ओढून आणणे आणि हिवाळ्यात घरापासून गावरस्त्यापर्यंतच्या वाटेवरचे बर्फ पात्याने बाजूला सारणे, ही दोन कामे तिच्याकडे आहेत. हे मॉडेल होंडाने १९८८ ते २००० या काळात विकले. त्यात २८२ सीसीचे, हवेने थंड होणारे इंजिन आहे, चारही चाकांना शक्ती शाफ्टने (फिरत्या दांड्याने) जाते आणि पुढची चाके ड्राइव्हमधून सोडवण्याची कोणतीही सोय कंपनीने दिलेली नाही.

चिखलात आणि भुसभुशीत बर्फात या रचनेविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. मात्र गोठून दगडासारख्या झालेल्या वाटेवर किंवा डांबरी भागावर वळताना हँडल फार जड जाते, घट्ट वळणात पुढचे टायर घासत सरकतात आणि माझ्या पत्नीला तर ते वळण एका दमात पूर्ण करणे कठीण होते. म्हणून पुढची ड्राइव्ह हवी तेव्हा जोडता व सोडवता येईल असा बदल करावयाचा आहे. पुढच्या चाकांच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) कुलूपवजा जोड बसवणे, नंतरच्या मॉडेलचे सोडवता येणारे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी) घालणे, किंवा शाफ्टमध्येच सरकता जोड करून घेणे, असे तीन मार्ग मला दिसतात. कोणता निवडावा आणि का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रानवाट

वनराई, प्रश्न नेमका मांडला आहे. मी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात शेती-यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि या जातीच्या गाड्या नेहमी हाताखालून जातात. मार्ग निवडण्याआधी हँडल जड का होते ते पाहू, कारण त्याची कारणे दोन आहेत आणि दोन्हींवर उपाय एकच नाही.

पहिले कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधले आहे. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. दोन्ही आसांमधले अंतर सव्वा मीटर धरा आणि मागच्या आसाचा मध्य तीन मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे असे समजा, म्हणजे पुढच्या आसाचा मध्य सुमारे सव्वातीन मीटर त्रिज्येवरून जातो. पुढच्या चाकांना सुमारे आठ टक्के अधिक अंतर कापायचे असते. आपल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ड्राइव्हमध्ये मधले डिफरन्शियल नाही, त्यामुळे दोन्हीकडचे फेरे एकमेकांना पक्के बांधलेले आहेत. मऊ जमिनीत हा आठ टक्क्यांचा फरक टायर घसरून भरून काढतात. कडक जमिनीवर ते घसरत नाहीत, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो आणि तो पीळ हँडलवर जाणवतो. जोड कोठेही तोडला तरी हे कारण पूर्णपणे नाहीसे होते.

दुसरे कारण पुढच्या डिफरन्शियलमध्ये आहे. ते मर्यादित घसरणीचे आहे, म्हणजे डावे आणि उजवे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू लागले की आतले घर्षण त्याला थोडा विरोध करते. ड्राइव्ह सोडवल्यावर हा विरोध बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही. त्यातले तेल जुने असेल किंवा चुकीच्या प्रतीचे असेल, तर तो आणखी जाणवतो. होंडाने येथे एसएई ८० प्रतीचे हायपॉइड गिअर तेल सांगितले आहे, ते आधी बदलून घ्यावे.

त्यासोबत टायरचा दाब मालक-पुस्तिकेप्रमाणे आहे का तेही पाहावे. या टायरना फार कमी दाब लागतो आणि मोटारीच्या मापकावर तो नीट वाचताच येत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा मापक घ्यावा. दोन पौंडांचा फरकही येथे हँडलवर कळतो. बॉल जॉइंट आणि हँडलच्या दांड्याचे बुशही हलवून पाहावेत.

एवढे झाल्यावर माझी सूचना अशी आहे की, पैसे खर्च करण्याआधी पुढचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनकडून पुढच्या डिफरन्शियलकडे जाणारा) काढून गाडी काही काळ तशीच चालवून पाहावी. डिफरन्शियलचे बोल्ट सोडून ते थोडे पुढे सरकवले की शाफ्ट स्प्लाइनमधून (टोकाच्या उभ्या खाचांच्या जोडातून) बाहेर येतो. इंजिनकडच्या उघड्या स्प्लाइनला ग्रीस लावून त्यावर रबरी टोपी क्लॅम्पने घट्ट बसवावी, नाहीतर चिखल सीलच्या ओठापर्यंत जाईल. शाफ्ट काढलेली गाडी म्हणजे ड्राइव्ह सोडवलेली गाडीच होय. हँडल पुरेसे हलके झाले, तर बदल सार्थकी लागेल. तरीही जड राहिले, तर दोष दुसरीकडे आहे आणि तो कोणत्याही नव्या जोडाने जाणार नाही.

चारचाक

मी साताऱ्याकडचा. जुन्या जीप आणि जिप्सी आमच्याकडे भरपूर चालल्या, त्यामुळे चाकाच्या हबवरची फिरवायची चकती माझ्या ओळखीची आहे. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ड्राइव्हला शक्ती वाटणाऱ्या पेटीचा) दांडा टू-व्हीलमध्ये घालून दोन्ही हब मोकळे केले की पुढचा शाफ्ट, डिफरन्शियल आणि दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे) स्थिर राहतात, झीज थांबते आणि इंधनही थोडे वाचते. वनराई यांनी हबचा मार्ग घेतला, तर त्यांच्या गाडीतही पुढचा सगळा भाग असाच विश्रांती घेईल ना? तसे असेल तर तोच मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो.

रानवाट

चारचाकसाहेब, जीपमध्ये आपण म्हणता तसेच होते, परंतु या गाडीत तसे होणार नाही. जीपमध्ये पुढचा शाफ्ट दोन ठिकाणी सुटतो, एकदा ट्रान्सफर केसमध्ये आणि दुसऱ्यांदा हबमध्ये. दोन्ही टोके सुटल्यामुळे मधला भाग थांबतो. फोरट्रॅक्सला ट्रान्सफर केस नाही, इंजिनच्या पेटीतून पुढचा शाफ्ट थेट निघतो. हब मोकळे केले तरी इंजिन पुढचा शाफ्ट, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी) आणि हाफ शाफ्ट फिरवत राहणारच, फक्त त्यांची शक्ती चाकापर्यंत पोहोचणार नाही. हँडल हलके होईल, पण झीज थांबणार नाही.

उलट बाजूने पाहिले, तर डिफरन्शियलच्या तोंडाशी जोड तोडल्यावर इंजिनकडून येणारा शाफ्ट फिरत राहतो आणि रस्त्यावर फिरणारी चाके हाफ शाफ्ट व डिफरन्शियल यांना फिरवत राहतात. शाफ्टच्या इंजिनकडच्या टोकाला तोडला, तर तो शाफ्टही चाकांच्याच बाजूने फिरतो. एकाच ठिकाणी तोडून सगळे थांबवण्याची सोय या रचनेत नाही. त्यामुळे सीव्ही जॉइंटचे बूट (हाफ शाफ्टच्या सांध्यांची रबरी आवरणे) वाचतील किंवा पेट्रोल वाचेल, या अपेक्षेने हा खर्च कोणी करू नये. हलके हँडल आणि कडक जमिनीवर पीळ न साठणे, एवढ्याचसाठी तो करावा.

हबच्या मार्गात आणखी एक अडचण आहे. हिवाळ्यात हातमोजे काढून, खाली उतरून, बर्फाने माखलेल्या दोन्ही चकत्या फिरवाव्या लागतात. एकच फिरली आणि दुसरी गोठून राहिली, तर डिफरन्शियल मोकळ्या बाजूने फिरत राहते आणि जोडलेल्या चाकाला मर्यादित घसरणीच्या घर्षणापुरतीच ओढ मिळते. चालकाला वाटते फोर-व्हील लागले आहे, प्रत्यक्षात ते लागलेले नसते.

कातारी

कोल्हापुरात उद्यमनगरात माझे लेथचे काम आहे. एटीव्ही आमच्याकडे क्वचित येते, पण ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरचे सरकते जोड नेहमी करतो, म्हणून जोर किती येतो त्याचा हिशेब मांडतो.

पुढच्या आसावर माणसासह दीडशे किलो भार धरला, घर्षणाचा गुणांक ०.८ आणि टायरची त्रिज्या २९ सेंटीमीटर धरली, तर दोन्ही चाके घसरण्याच्या क्षणी त्यांच्यावर मिळून सुमारे ३४० न्यूटन-मीटर पीळ येतो. डिफरन्शियलचे गुणोत्तर चार धरले (शाफ्टच्या चार फेऱ्यांना चाकाचा एक), तर त्याआधीच्या शाफ्टवर तो केवळ ८५ राहतो. हबमधल्या जोडाला मात्र आपल्या चाकाचा पूर्ण पीळ सोसावा लागतो, म्हणजे दोन्ही चाकांची पकड सारखी असेल तर प्रत्येकी १७० आणि पकड एकाच बाजूला असेल तर त्याहून अधिक. वनराई यांच्या गाडीला पुढे बर्फाचे पाते आहे, त्याचे वजन यात धरलेले नाही, आणि पाते गोठलेल्या ढिगाला आदळते तेव्हाचा धक्का वेगळाच. अडीच-तीन पट सुरक्षा धरली, तर शाफ्टवरच्या जोडासाठी अडीचशे न्यूटन-मीटरचा अंदाज ठेवावा. चाळीस मिलीमीटर व्यासाच्या जोडाला ते सहज झेपते. हबमध्ये तेवढीच जागा आणि दुप्पट-चौपट पीळ, असा प्रकार होतो.

मात्र शाफ्ट मधोमध कापून तेथे जोड बसवण्याचा विचार कोणी करू नये. हा शाफ्ट दोन टोकांच्या स्प्लाइनवरच तोललेला आहे. मध्ये कापला की दोन्ही अर्ध्यांना आधार राहत नाही, जोड सुटताच टोके लोंबकळतात आणि पुन्हा जोडताना दाते समोरासमोर येत नाहीत. प्रत्येक अर्ध्याला स्वतंत्र बेअरिंग आणि चौकटीला त्याचा आधार द्यायचा म्हटले, तर काम वाढते आणि चिखलाला एक नवे घर मिळते. डिफरन्शियलच्या तोंडाशी पिनियनला (शाफ्टकडून शक्ती घेणाऱ्या दातेरी चाकाला) स्वतःचे बेअरिंग आहेच. तेथे पिनियनच्या स्प्लाइनवर सरकणारी बाही (नळीसारखा तुकडा) करावी, तिच्या तोंडाला दाते ठेवावेत आणि शाफ्टच्या टोकाला जुळणारा दात्यांचा तुकडा द्यावा. शाफ्टचे ते टोक पिनियनच्या नाकावर छोट्या बुशमध्ये टेकले पाहिजे, म्हणजे जोड सुटला तरी दोन्ही एका रेषेत राहतील. ती जागा गाडीवर मोजूनच ठरवावी लागेल.

बाहीसाठी ईएन ३५३ हे पोलाद घ्यावे आणि केस हार्डनिंग करून घ्यावे, म्हणजे दात्यांचा पृष्ठभाग कडक राहतो आणि गाभा चिवट राहून धक्का सोसतो. आतले स्प्लाइन वायरकटवर (विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर) कापता येतात. ईएन २४ ला नुसते पाणी देऊन (तापवून झटक्यात थंड करून) केलेले जोडही पाहिले आहेत, ते मोडत नाहीत, पण दात्यांच्या कडा लवकर गोल होतात आणि मग जोर आला की बाही आपोआप मागे सरकते. ते टाळण्यासाठी दात्यांच्या बाजू दोन-तीन अंश आतल्या बाजूला तिरक्या ठेवाव्यात, म्हणजे जोर आल्यावर बाही बाहेर फेकली न जाता आत ओढली जाते.

बाहामार्गी

नमस्कार. मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बाहा स्पर्धेच्या (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या खडबडीत वाटेवरच्या गाड्यांच्या) विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. आपल्याकडे ही स्पर्धा २००७ पासून मध्य प्रदेशात पीथमपूरला सुरू झाली आणि विद्यार्थी या गाडीला सर्रास एटीव्हीच म्हणतात. अमेरिकेतील मूळ स्पर्धेने २०२३ पासून चारही चाकांची ड्राइव्ह सक्तीची केल्यामुळे पुढच्या-मागच्या गुणोत्तराचा प्रश्न आता आमच्याही चर्चेत सतत असतो, म्हणून त्याविषयी लिहितो.

वनराई यांनी नंतरच्या मॉडेलचे डिफरन्शियल घेण्याचे ठरवले, तर खरेदीआधी त्याचे गुणोत्तर मोजलेच पाहिजे. फोरमन ५०० सारख्या नंतरच्या मॉडेलवर होंडाने ट्रॅक्सलॉक या नावाने टू-व्हील आणि फोर-व्हील बदलण्याची सोय दिली. तसे डिफरन्शियल वापरलेले मिळते आणि ते दिसायलाही सारखेच वाटते. पण त्यातल्या क्राउन-पिनियनचे दाते वेगळे असले, तर फोर-व्हील लावताच पुढची चाके मागच्यांपेक्षा सतत वेगाने किंवा सतत हळू फिरू पाहतील. वळणावरचा आठ टक्क्यांचा फरक काही क्षणांचा असतो. गुणोत्तरातला फरक सरळ रेषेतही क्षणभर थांबत नाही, आणि शेवटी टायर, शाफ्ट किंवा पेटी यांपैकी सर्वांत दुबळे जे असेल ते जाते.

मोजणी अशी करावी. गाडी जॅकवर घेऊन आडवे ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि पुढचा शाफ्ट काढलेला असावा. मागचा आस सरळ आहे, त्यात डिफरन्शियल नाही, त्यामुळे मागचे चाक हाताने दहा वेळा फिरवून इंजिनच्या पुढच्या टोकाचे फेरे मोजले की मागचे गुणोत्तर मिळते. त्यानंतर नव्या डिफरन्शियलचे तोंड हाताने फिरवून दोन्ही बाजूंचे फेरे मोजावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी. एक बाजू घट्ट धरून ठेवली, तर दुसरी दुप्पट फिरते, हे लक्षात ठेवले नाही तर उत्तर दुपटीने चुकते.

शेवटी टायरचा प्रत्यक्ष घेर मोजावा. बाजूवर छापलेला आकडा येथे पुरेसा नाही. चालकाला बसवून, दाब योग्य ठेवून, खडूची खूण करून सपाट जमिनीवर चाकाचे पाच फेरे होईतो गाडी ढकलावी आणि अंतर मोजावे. पुढचे अंतर भागिले पुढचे गुणोत्तर हे मागच्या अंतर भागिले मागच्या गुणोत्तराच्या अगदी जवळ आले पाहिजे. जुन्या डिफरन्शियलवर हीच मोजणी आधी करून ठेवावी, म्हणजे कंपनीने मुळात किती फरक ठेवला होता ते कळेल आणि नव्या जोडणीने त्याच्या जवळपास राहावे.

वनराई

सर्वांचे मनापासून आभार. रानवाट यांच्या सूचनेप्रमाणे तेल बदलले, दाब तपासला आणि शाफ्ट काढून गाडी चालवून पाहिली. हँडल स्पष्टपणे हलके झाले आहे आणि पत्नीला घराजवळचे वळण आता न थांबता घेता येते. एक गोष्ट मात्र खटकली. ओंडका मागे बांधून उतारावरून येताना गाडी पूर्वीसारखी थोपवून धरली जात नाही, आणि मागचा ब्रेक दाबला की मागची चाके घसरू लागतात. हे अपेक्षित आहे का?

रानवाट

वनराई, हे अपेक्षित आहे, आणि या संपूर्ण चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हाच आहे. चारही चाके शाफ्टने बांधलेली असतात तेव्हा इंजिनचा रोध (थ्रॉटल सोडल्यावर इंजिन गाडीला करते तो अटकाव) चारही चाकांवर वाटला जातो. इतकेच नव्हे, तर मागच्या आसावर एकच ड्रम ब्रेक असला तरी त्याचा परिणाम शाफ्टमधून पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे मागचा ब्रेक दाबला की गाडी प्रत्यक्षात चारही चाकांवर थांबते.

उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. पुढची ड्राइव्ह सोडवल्यावर इंजिनचा रोध आणि मागचा ब्रेक दोन्ही त्याच हलक्या चाकांवर पडतात. ती घसरली की गाडीचा मागचा भाग आडवा येऊ पाहतो, आणि मागे बांधलेला ओंडका त्याला आणखी ढकलतो. उतारावर एटीव्ही आडवी होणे म्हणजे ती उलटण्याच्या एक पाऊल अलीकडे असणे होय.

या मॉडेलच्या पुढच्या ड्रम ब्रेकमध्ये सीलच्या कडेने पाणी शिरणे ही जुनी आणि सर्वपरिचित तक्रार आहे. पाणी शिरले की पट्ट्या ओल्या होतात, गंज चढतो, चाकातले सिलिंडर अडकतात आणि पुढचा ब्रेक नावापुरता उरतो. फोर-व्हील कायम असल्यामुळे हे चालकाच्या ध्यानातच येत नाही, कारण शाफ्ट त्याची उणीव झाकत असतो. शाफ्ट काढताच ती उघडी पडते. म्हणून आपण पुढचे दोन्ही ड्रम उघडावेत, सील, पट्ट्या आणि सिलिंडर पाहावेत, ब्रेक तेल बदलावे आणि फक्त पुढच्या ब्रेकने गाडी सरळ रेषेत थांबते याची सपाट जागी खात्री करून घ्यावी. ते होईपर्यंत शाफ्ट परत बसवून ठेवावा. उतारावरचे काम, विशेषतः ओंडका ओढण्याचे, बदल झाल्यानंतरही फोर-व्हीलमध्येच करावे, आणि ते उताराच्या माथ्यावर, गाडी सपाटीवर असतानाच लावावे.

हे सर्वच गाड्यांना लागू आहे असे नाही, पण मागणीप्रमाणे आपोआप लागणाऱ्या पुढच्या ड्राइव्हबाबतही काळजी घ्यावी लागते. पोलॅरिस या कंपनीच्या रोलर क्लचच्या रचनेत मागची चाके घसरल्यावरच पुढची चाके ओढू लागतात, आणि वेगळी उतार-नियंत्रणाची सोय नसेल तर उतारावर इंजिनचा रोध पुढच्या चाकांना मिळत नाही.

चारचाक

टू-व्हीलमध्ये डांबरी रस्त्यावर चालवणे तरी आता सुरक्षित होईल का? आमच्याकडे रिसॉर्टवाले अशा गाड्या घाटरस्त्यावर काढताना दिसतात.

रानवाट

नाही. मागचा आस सरळ आहे, त्यामुळे डावे-उजवे मागचे चाक वळणावरही सारख्याच वेगाने फिरते आणि गाडीला सरळ ढकलत राहते. शिवाय कमी दाबाचे मऊ टायर डांबरावर अचानक पकड घेतात आणि गुरुत्वमध्य उंच आहे. पुढची ड्राइव्ह सोडवल्याने यातले काहीही बदलत नाही.

वनराई

पुढचे ब्रेक उघडले आणि आत खरोखरच गंज निघाला. दुरुस्ती चालू आहे. त्यानंतर डिफरन्शियलच्या तोंडाशी जोड करण्याचे ठरवले आहे. गुणोत्तर जुळणारे वापरलेले डिफरन्शियल मिळाले तर ते, नाहीतर कातारी यांनी सांगितलेली बाही येथल्या वर्कशॉपमधून करून घेईन. चालत्या गाडीत बदल करता येईल का, आणि हिवाळ्यात काय सांभाळावे, एवढेच विचारायचे राहिले आहे.

कातारी

दात्यांचा जोड चालत्या गाडीत लावू नये. टू-व्हीलमध्ये मागची चाके घसरत असताना लावला तर दोन्ही बाजूंच्या वेगात फरक असतो आणि दाते कडेवर आपटतात. गाडी पूर्ण थांबवावी, दांडा ओढावा आणि मग अगदी सावकाश हलावे. दांडा आणि बाही यांच्यामध्ये स्प्रिंग ठेवावी, म्हणजे दाते समोरासमोर अडले तरी दांडा आपल्या जागी जातो आणि चाक थोडे फिरताच बाही स्प्रिंगच्या जोराने आत बसते.

सोडवताना उलट अडचण येते. पीळ साठलेला असेल तर दाते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात आणि दांडा कितीही ओढला तरी बाही हलत नाही. तेव्हा बळ लावू नये. हँडल सरळ करून गाडी अर्धा मीटर मागे घ्यावी, पीळ उतरतो आणि बाही स्वतःच सुटते.

बाहामार्गी

फोर-व्हीलचा दिवा बसवणार असाल, तर त्याचा स्विच हँडलवरच्या दांड्याला लावू नये, बाही सरकवणाऱ्या फोर्कला लावावा. मध्ये स्प्रिंग आणि केबल असल्यामुळे दांडा गेला म्हणजे बाही गेली असे नाही, आणि उताराच्या माथ्यावर आपल्याला बाहीचीच खबर हवी आहे.

रानवाट

हिवाळ्यासाठी दोन गोष्टी सांगतो. बाहीवर रबरी बूट हवा आणि त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निथळण्यासाठी बारीक भोक हवे, नाहीतर आत साचलेले पाणी रात्रीत गोठते आणि सकाळी बाही जागची हलत नाही. ग्रीस कमी तापमानाचे घ्यावे आणि पातळ थर द्यावा, कारण नेहमीचे जाड ग्रीस उणे वीस अंशांना मेणासारखे होते आणि स्प्रिंगचा जोर त्यापुढे पुरत नाही. केबलचे वरचे टोक हँडलपाशी पाणी आत जाणार नाही अशा बेताने खाली वळवून घ्यावे. कडाक्याची थंडी सुरू होण्याआधी एकदा गाडी रात्रभर बाहेर ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी दांडा दोन्ही बाजूंना फिरवून दिवा लागतो व विझतो का ते पाहावे. पुढच्या ब्रेकची चाचणी झाली की येथे कळवावे, म्हणजे मोजलेल्या गुणोत्तरांवरून डिफरन्शियल कोणते घ्यावे ते ठरवू.